एक वही, दोन रकाने

मध्यमवर्गीय संसारात "पुढल्या वर्षी पाहू" हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते तितके दुसरे क्वचितच उच्चारले जात असेल. प्रवासाचा विषय निघाला की गळके छप्पर आठवते. छपराचा विषय निघाला की मुलांची फी आठवते. आणि वर्ष सरते तेव्हा प्रवासही झालेला नसतो व छप्परही तसेच असते. पैसा थोडा असतो हे खरे. परंतु तेवढ्याच पैशात वर्षाकाठी घराचे एखादे काम उरकणारी आणि चार दिवस बाहेरही जाऊन येणारी कुटुंबे आपल्या अवतीभोवती असतात. दोहोंत अंतर कोठे पडते, हे समजण्यास बेळगावातील एका दांपत्याची हकीगत उपयोगी पडेल.

शहापूर भागात ह्या दांपत्याचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. पती एका सहकारी पतसंस्थेत कारकून; पत्नी घरी शिवणकाम करते. लग्नाला चोवीस वर्षे झालेली. पत्नीच्या माहेरची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी. लग्नानंतर देवीची ओटी भरावयास जावयाचे ठरले होते, ते राहून गेले ते राहूनच गेले. बदामी काही काशी-रामेश्वर नव्हे. बेळगावहून अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. तरीही चोवीस वर्षांत ते पार झाले नाही.

पत्नीने अखेर बोलणे सोडून दिले आणि शिलाईच्या पैशांतून शिवणयंत्राच्या खणात थोडे थोडे साठवू लागली. पतीला त्याचा पत्ता नव्हता. इकडे पतीने गवंड्याला बोलावून छपराचा अंदाज काढला होता. आकडा निघाला १४,००० रुपये. तो ऐकून तो गप्प बसला, आणि पत्नीला काळजी नको म्हणून घरी काही बोललाच नाही. दोघांचाही हेतू चांगला होता.

२०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री आढ्याजवळचे कौल सरकले. खाली शिवणाचा गठ्ठा होता. गिऱ्हाइकाची एक इरकली साडी फॉल लावण्यासाठी आलेली. तिच्या रंगाचे ओघळ शेजारच्या तीन पोलक्यांवर उतरले. भरपाई देणे भागच होते. पत्नीने खण उघडला आणि साठवलेले २,८०० रुपये बाहेर काढले.

"अगं, हे पैसे कुठले?" पतीने विचारले.

"बनशंकरीचे," ती म्हणाली. "आणि अहो, छप्पर गळणार हे तुम्हांला ठाऊक होतं ना?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या रात्री घरात फारसे बोलणे झाले नाही. परंतु दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट आली. त्याने छपराचे लपविले, तिने प्रवासाचे लपविले, आणि दोन्ही मिळून जे नुकसान झाले ते एकट्या पावसाने केले नव्हते.

चार दिवसांनी एक शंभर पानी वही आली. तिच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले: डावीकडे 'घर', उजवीकडे 'प्रवास'. सप्टेंबरपासून दरमहा घरासाठी ९०० व प्रवासासाठी ४०० रुपये बाजूला काढावयाचे ठरले. रक्कम पगाराच्या दिवशीच काढावयाची. महिनाअखेर उरेल त्यातून काढू म्हटले, तर महिनाअखेर काही उरत नाही, हा चोवीस वर्षांचा अनुभव होता. टपाल कार्यालयात दोघांच्या नावे बचत खाते उघडले. टपालाच्या संयुक्त खात्याचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतो. दुसऱ्यात दोघांच्याही सह्या लागतात. ह्यांनी जाणूनबुजून दुसरा प्रकार घेतला. खात्यात ५०० रुपये कायम शिल्लक ठेवावे लागतात, ते पतीने वेगळे घातले. दोन सह्यांची ही अट अविश्वासापोटी नव्हती. पैसे काढावयाचे तर आधी एकमेकांशी बोलावे लागेल, एवढाच तिचा उपयोग, आणि तो मोठा आहे.

मग घराच्या कामांची यादी झाली. पहिल्या खेपेस सतरा कामे निघाली. इतकी कामे एकदम पाहिली की माणूस एकही करीत नाही. म्हणून त्यांचे तीन वर्ग केले. थांबता न येणारी कामे पहिल्या वर्गात: छप्पर आणि स्वयंपाकघरातील विजेची जुनी तार. थांबता येणारी दुसऱ्या वर्गात: भिंतींचा चुना, ठिबकणारा नळ, न लागणारी खिडकी. तिसऱ्यात नुसत्या हौसेची: नवे पडदे, अंगणातला कट्टा. वर्गवारी करताना वाद झालेच. पतीच्या मते नळ किरकोळ होता. पत्नीने रात्री नळाखाली घागर ठेवली आणि सकाळी भरत आलेली त्याला दाखविली. नळ त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. आतली चकती बदलावयास पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

कोणते काम स्वतः करावयाचे आणि कोणते कारागिराकडे द्यावयाचे, ह्याचाही विवेक हवा. पैसे वाचतात म्हणून कौलांवर स्वतः चढणे किंवा विजेच्या तारेला हात घालणे ही काटकसर नव्हे. मंगळुरी कौल एकात एक अडकणारे असते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यापासून ते कर्नाटक, गोवा, कोकण सर्वत्र पसरले. कौलाच्या मध्यावर पाय पडला तर ते तडकते, आणि एक तडकलेले कौल खालच्या रिपा व वासे कुजवीत राहते. जाणता कारागीर वाशांच्या रेषेत फळी टाकून तिच्यावरून वावरतो. कौल चांगले भाजलेले आहे की नाही, हे बोटाने वाजवून कळते: चांगले खणखणते, तडकलेले बद्द वाजते. ही पारख मात्र घरच्यांनी शिकून घ्यावी.

१४,००० रुपयांच्या अंदाजात वासे बदलण्याचे कामही धरलेले होते. पतीने गवंड्याला पुन्हा बोलावले, ह्या वेळी पत्नीसमोर. वासे किती कुजले आहेत, असा सरळ प्रश्न तिनेच विचारला. पाहणीअंती असे निघाले की दोन वासे वाईट आहेत, पण ते आणखी एकदोन पावसाळे तग धरतील; तूर्त शाकारणी आणि आढ्याचा गिलावा केला म्हणजे निभेल. एप्रिल २०२४ अखेर घराच्या रकान्यात ७,२०० रुपये जमले होते. मे महिन्यात शाकारणी झाली. खर्च ६,८०० रुपये. ही वेळ महत्त्वाची. बेळगाव असो की गोवा, छपराचे काम मृगाच्या आत उरकावे लागते. जूनच्या तोंडावर कारागीर मिळत नाही, आणि मिळालाच तर तो मागेल ती मजुरी द्यावी लागते.

भिंतींचा चुना मात्र दोघांनी मिळून लावला. चुनकळी पाण्यात घातली की उकळते. डोळ्यांत एक थेंब उडाला तरी मोठी इजा होते. म्हणून ती मोठ्या भांड्यात, लांब काठीने ढवळीत, मुलांना दूर ठेवून विरवावी. दोन दिवस मुरू द्यावी, फडक्यातून गाळावी, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालावी. भिंत आधी झाडून ओली करावी आणि दाट एका हाताऐवजी पातळ दोन-तीन हात द्यावेत. तैलरंग दिलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, पोपडे निघतात. तो मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यावरच शोभतो. दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी पतीने दिलेला हात इतका ओघळला की पत्नीला हसू आवरेना, आणि पुष्कळ दिवसांनी त्या घरात तसले हसणे ऐकू आले.

आता उजवा रकाना. प्रवासाचा खर्च मुख्यतः तीन ठिकाणी होतो: वाहन, मुक्काम आणि घाई. पैकी घाईचा खर्च वहीत दिसत नाही, पण तोच सर्वांत मोठा. गर्दीच्या दिवसांत जाणे, तिकीट ऐनवेळी काढणे, एका दिवसात पाच ठिकाणे उरकणे ही सारी घाईचीच रूपे. बनशंकरीची जत्रा पौषात भरते. तेव्हा मुक्काम महाग आणि दर्शन कठीण. म्हणून ह्यांनी डिसेंबर २०२४ चा पहिला पंधरवडा निवडला. नोव्हेंबरअखेर पंधरा महिन्यांचे ६,००० रुपये जमा होते.

वाहनाच्या बाबतीत सीमाभागातील स्त्रियांना अलीकडे दोन सवलती मिळाल्या. कर्नाटकात राहणाऱ्या स्त्रियांना ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या सरकारी बसगाड्यांतून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येऊ लागला. कर्नाटकातील पत्ता असलेले ओळखपत्र दाखविले की वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. महाराष्ट्राच्या एस.टी.ने मार्च २०२३ पासून आपल्या राज्याच्या हद्दीत सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट लागू केले. ह्या दांपत्याला बदामीपर्यंत एकाच तिकिटाचा भुर्दंड पडला. पती गमतीने म्हणाला, "ह्या खेपेला तू मला नेते आहेस." अशा सवलतींचे नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी बसस्थानकावर चौकशी करून घेणे बरे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना कुलदैवताचा प्रवास याहून लांबचा पडतो. जेजुरी, तुळजापूर, कोल्हापूर अशी दोन-तीन ठिकाणे एका फेरीत घ्यावयाची असतील, तर रेल्वेचे चक्राकार प्रवासाचे तिकीट विचारात घ्यावे. ज्या स्थानकावरून निघावयाचे तेथेच परत यावयाचे, आणि वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरावयाचे, अशी त्याची रचना असते. रेल्वेचा किलोमीटरमागचा दर अंतर वाढेल तसा कमी होत जातो. ह्या तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग धरून भाडे आकारतात, म्हणून तुटक तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. मार्ग आधी ठरवून त्यासाठी रेल्वेकडे अर्ज करावा लागतो. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांची झाली. तारीख दोघांनी मिळून वेळेवर ठरविली नाही, तर सवलत असूनही उपयोग होत नाही.

बदामीचा प्रवास तीन दिवस व दोन रात्रींचा झाला. पहिल्या दिवशी बनशंकरी. देवळासमोरच्या पुष्करिणीच्या काठी दोघे बराच वेळ बसली. ओटी भरून झाल्यावर पत्नीने काय मागितले हे पतीने विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभराची रिक्षा ठरवून पट्टदकल आणि ऐहोळे. पट्टदकलचे विरूपाक्षाचे देऊळ आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधविले. पती दुसरा विक्रमादित्य ह्याने कांचीच्या पल्लवांवर मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक आहे. तेथील शिलालेखात ते उभारणाऱ्या सूत्रधाराचे, गुंड अनिवारिताचारीचे, नावही कोरलेले आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी बदामीची लेणी: तीन वैदिक, चौथे जैन. तिसऱ्या लेण्यातील लेख शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा. तांबड्या दगडाच्या पायऱ्या चढताना पत्नीचे गुडघे दुखू लागले. दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर, असे दोघांच्याही मनात आले असावे. चौथे लेणे राहिले. त्याची रुखरुख न करता दोघे खाली उतरली आणि अगस्त्य तलावाच्या काठी बसून राहिली.

परतल्यावर वहीत हिशेब लिहिला तो असा: मुक्काम २,०००, रिक्षा १,५००, पतीचा बसप्रवास ४००, जेवणखाण १,२४०, ओटी, प्रवेशशुल्क व किरकोळ ५००. एकूण ५,६४०. शिल्लक ३६०.

ह्या हकीगतीत अद्भुत असे काही नाही. दोघांची मिळकत वाढली नाही, आणि घर अजूनही जुनेच आहे. दोन वासे बदलावयाचे बाकी आहेत, आणि मुसळधार पावसात मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात अजून भांडे ठेवावे लागते. बदलले ते एवढेच की ते भांडे कोठे ठेवले आहे, हे आता दोघांनाही ठाऊक असते.

ज्या घरात अशी वही नसेल तेथे ती आणण्यास शंभर रुपयेही लागत नाहीत. घर आणि प्रवास ह्यांना एकमेकांचे वैरी मानू नये. एकाच पानावर ते शेजारी लिहिले म्हणजे कोणते कधी करावयाचे हे बहुधा ऋतूच सांगतात: उन्हाळ्यात छप्पर, हिवाळ्यात प्रवास, पावसाळ्यात घरात बसून पुढचा विचार. रक्कम कितीही लहान असो, ती आधी काढावी. आणि जे मनात असेल ते दुसऱ्याला सांगावे. बेळगावच्या त्या घरातील वहीत जानेवारी २०२५ च्या पानावर उजव्या रकान्यात 'कोल्हापूर' असे पत्नीच्या अक्षरात लिहिलेले आहे. डाव्या रकान्यात 'दोन वासे' असे लिहिले आहे. तेही तिच्याच अक्षरात.