आडवाटेवरचे वैमानिक



बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात बांधली गेली. १ मे १९९९ पासून हा भाग गोंदिया जिल्ह्यात असून तेथे तरुण वैमानिक घडविले जातात.

व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. परंतु अलास्कात वा नेपाळच्या डोंगराळ मुलखात औषधे आणि रुग्ण नेणाऱ्या वैमानिकाचे तेवढ्याने भागत नाही. आखूड, कच्च्या पट्टीवर उतरणे, धुरावरून वारा ओळखणे, ओझे तोलून बांधणे, हे सारे त्याला अवगत असावे लागते.

उन्हाने हवा विरळ झाली की विमानाची धाव लांबते. अशा वेळी ओझे कमी करणे, प्रसंगी उड्डाणच नाकारणे, हे त्याचे कर्तव्य ठरते. गणित आणि पदार्थविज्ञान शिकविताना शिक्षकांनी हा हिशेब मुलांना अवश्य समजावून द्यावा. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.