सोसण्याचं बळ येतं कुठून?



मी मानसशास्त्राची अभ्यासक आहे. एवढं सोसूनही काही माणसं उभी कशी राहतात, हा माझ्या कामाचा विषय. इंदूरच्या राजवाड्याच्या परिसरात त्यावर बोलायचं, तर अहिल्याबाई होळकरांपासूनच सुरुवात करायला हवी.

त्यांची गोष्ट तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. पण आपण घाटांबद्दल, देवळांबद्दल आणि न्यायाबद्दल बोलतो, आणि १७५४ साल घाईघाईने ओलांडतो. त्या वर्षी कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले. तिशीच्या आतल्या अहिल्याबाई सती जायला निघाल्या, आणि सासरे मल्हाररावांनी सुनेला अडवलं. अडवून तिला वाड्यात बसवून ठेवलं असतं, तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. पण त्यांनी तिच्याकडे कारभार सोपवला. १७६५ सालच्या एका पत्रात ते तिला ग्वाल्हेरकडे जायला सांगतात, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज ठेवायला सांगतात. सासऱ्याने विधवा सुनेला लिहिलेलं हे पत्र! तू मला हवी आहेस आणि हे काम तुझ्याशिवाय होणार नाही, असं त्यात शब्दांत कुठे नाही, पण अर्थ तोच आहे.

यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९५५ साली, हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर एक अभ्यास सुरू झाला. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी त्या वर्षी जन्मलेली ६९८ मुलं जन्माआधीपासून चाळिशीपर्यंत पाहिली. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजारपण, असं बरंच काही एकदम आलं होतं. त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, भरवशाची, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव मुळात मनमिळाऊ होता, हे खरं. पण पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीतरी एक मोठं माणूस त्यांच्या पाठीशी ठाम होतं. शिवाय धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरकाम करणं अशी खरी गरजेची जबाबदारी त्यांच्यावर होती. मल्हाररावांनी जे केलं, तेच.

अजून एक गोष्ट, विशेषतः पालकांसाठी. याच अभ्यासात किशोरवयात वाट चुकलेल्या मुलांपैकी बहुतेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. पुढचं शिक्षण, चांगलं काम, चांगला जोडीदार, यांतून दुसरी संधी मिळाली. तेव्हा दहावीच्या निकालावरून मुलाचं आयुष्य ठरवू नका. भंवरकुआँचे शिकवणी क्लास आणि कोट्याला पाठवायची स्वप्नं आपल्या घराघरांत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

खंबीर असणं म्हणजे न रडणं, असं मात्र मुलांना शिकवू नका. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले आणि लेक मुक्ताबाई सती गेली. अहिल्याबाईंनी खूप विनवलं, तरी तिला थांबवता आलं नाही. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने नोंदवलं आहे की त्यानंतर तीन दिवस त्यांच्या पोटात जवळजवळ अन्न नव्हतं, तोंडातून शब्द नव्हता. एवढी मोठी राणी, आणि तिचंही दुःख असं होतं. मला त्या तीन दिवसांबद्दल त्यांच्या साऱ्या पराक्रमाइतकाच आदर वाटतो.

शिक्षकांना एक विनंती. आजच्या कार्यक्रमात पडद्याची दोरी ओढणारा, वेशभूषेच्या पेट्या उचलणारा, कधीच बक्षीस न मिळालेला मुलगा तुम्हाला माहीत आहे. त्याला उद्याही काम द्या, खरं काम द्या, आणि तो आला नाही तर चौकशी करा. संशोधनातून मला कळलेलं सगळ्यात उपयोगी असं हे आहे.

आणि मुलांनो, मनावर भार असेल तर ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याच्याशी आजच बोला. कुणीच सापडत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लिहून ठेवा. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, आणि अमुकच त्रास हवा अशी अट नाही. आता बक्षिसांकडे वळू या. पहिल्या रांगेतली मंडळी केव्हाची वाट पाहत आहेत.