दुर्गाबाई खोटे : तारामतीपासून आजीपर्यंत

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुका ही नाथपंथीयांची भूमी समजली जाते. तालुक्यातील मढी या गावी कानिफनाथांची समाधी असून होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे मोठी यात्रा भरते. या बाजूस ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी घरोघरी वाचली जाते. त्यामुळे मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन तेथील राणीच्या सहवासात गुंतले व शिष्य गोरखनाथाने त्यांना तेथून सोडवून आणले, ही कथा लहानथोर सर्वांस अवगत असते. पोथी ऐकणाऱ्याचे सारे लक्ष गुरुशिष्यांकडे असते. ती राणी कशी होती, कशी बोलत असेल, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

१९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने हीच कथा ‘माया मच्छिंद्र’ या नावाने बोलपटाच्या रूपाने सादर केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम, मच्छिंद्रनाथाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि गोरखनाथ झाले होते मास्टर विनायक. परंतु पडद्यावरील स्त्रीराज्याची राणी पाहून प्रेक्षक चकित झाले. तिच्या चालण्यात डौल होता, वाणीत धार होती आणि ही राणी खरोखरीच राज्य करू शकेल अशी खात्री तिच्याकडे पाहताच पटत होती. ही भूमिका करणाऱ्या स्त्रीचे नाव होते दुर्गाबाई खोटे. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते. पुढे सुमारे अर्धशतक त्यांनी रंगभूमी व रजतपट यांची सेवा केली. ती कारकीर्द केवळ लांबीने मोठी नाही. वय वाढत असता एखाद्या नटीने आपले स्थान कसे राखावे, किंबहुना वाढवावे, याचा तो एक वस्तुपाठच आहे.

या गोष्टीचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसवून त्यांना काम भागवावे लागले. रंगभूमीवरही बालगंधर्वांसारखे श्रेष्ठ नट स्त्रीभूमिका करीत होते आणि त्या भूमिका पाहून कुलस्त्रिया आपली वेशभूषा ठरवीत होत्या. मात्र त्या कुलस्त्रियांपैकी कोणी स्वतः रंगमंचावर यावे, ही कल्पनाही समाजास सहन होत नव्हती. नाटकात अथवा चित्रपटात काम करणारी स्त्री म्हणजे घराबाहेरची स्त्री, असा सरळ हिशेब होता.

अशा काळात दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत, लाड घराण्यात झाला. वडील सॉलिसिटर होते. कॅथीड्रल शाळेत व पुढे सेंट झेवियर कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. ऐन तारुण्यात त्यांचा विवाह खोटे यांच्या संपन्न घराण्यात झाला आणि दोन मुलगे झाले. येथवरचे जीवन त्या काळच्या कोणत्याही सुखवस्तू कुटुंबातील सुनेसारखेच होते. परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरचे ऐश्वर्य ओसरले, संसाराची घडी विस्कटली आणि पुढे तारुण्यातच त्यांच्यावर वैधव्याचा प्रसंग ओढवला. दोन लहान मुलांना वाढवावयाचे होते, आणि शिकलेल्या स्त्रीला अर्थार्जनाचे मार्ग फारच थोडे होते. दुर्गाबाईंनी शिकवण्या करून पाहिल्या. तेवढ्याने भागण्यासारखे नव्हते.

चित्रपटात त्यांचा प्रवेश झाला तो १९३१ साली, ‘फरेबी जाल’ या चित्रपटातील एका लहानशा भूमिकेने. चित्रपटाचे एकंदर स्वरूप काय आहे, याची पुरती कल्पना त्यांना नव्हती. चित्र प्रदर्शित झाले आणि निंदेचा भडिमार सुरू झाला. टीका एकट्या दुर्गाबाईंवर होती असे नव्हे, तर माहेर व सासर या दोन्ही घराण्यांच्या नावाचा उद्धार झाला. दुसरी एखादी स्त्री तेथेच खचली असती, आणि तिला दोष देणेही कठीण झाले असते.

याच वेळी प्रभात कंपनी हरिश्चंद्राच्या कथेवर मराठी बोलपट काढण्याच्या तयारीत होती. शांतारामांनी तारामतीच्या भूमिकेसाठी दुर्गाबाईंची निवड केली. १९३२ च्या फेब्रुवारीत ‘अयोध्येचा राजा’ प्रकाशित झाला आणि मराठी प्रेक्षकांनी पडद्यावर मराठी भाषा प्रथमच ऐकली. त्या वेळचे काम किती कष्टाचे होते, हे आजच्या प्रेक्षकास सांगूनही पटावयाचे नाही. मागाहून दुसऱ्याच्या गळ्यातून गाणे भरण्याची सोय तेव्हा नव्हती. नटाने ध्वनिग्राहक यंत्रासमोर उभे राहून त्याच क्षणी अभिनय करावयाचा आणि त्याच क्षणी गावयाचे. शिवाय हे चित्र मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाले, म्हणजे एकाच प्रसंगाची वाक्ये दोन भाषांत, दोन वेळा, त्याच उत्कटतेने बोलावयाची. दुर्गाबाईंनी हे सर्व निभावले. ज्या तारामतीसाठी फाळक्यांना एकोणीस वर्षांपूर्वी एकही स्त्री मिळाली नव्हती, तीच तारामती आता एका सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने साकार केली. जी बोटे ‘फरेबी जाल’च्या वेळी त्यांच्याकडे रोखली गेली होती, ती खाली आली. यानंतर चांगल्या घरातील मुलींना या व्यवसायाचा विचार करणे थोडेतरी सुलभ झाले.

प्रभातमध्ये यश मिळाल्यावरही दुर्गाबाई एकाच कंपनीशी बांधून राहिल्या नाहीत. त्या काळी नटनटी कंपनीत मासिक पगारावर नोकरी करीत. दुर्गाबाईंनी निरनिराळ्या संस्थांशी स्वतंत्र करार करण्याचा मार्ग पत्करला, आणि असे करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. त्या कलकत्त्यास गेल्या. तेथे देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ व १९३४ साली ‘सीता’ या चित्रांत त्यांनी प्रमुख भूमिका केल्या. ‘सीता’ व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविले गेले. या चित्रात रामाची भूमिका पृथ्वीराज कपूर यांची होती. ही जोडी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे. १९३६ साली प्रभातच्या ‘अमरज्योती’त दुर्गाबाई सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलाचा ताबा मागण्यासाठी राजदरबारी गेलेली, न्याय नाकारला गेल्यावर समुद्रावर चाचेगिरी करणारी आणि जुलमी सत्तेविरुद्ध बंड उभारणारी ही नायिका होती. दोन मुलांसाठी कामास लागलेल्या मातेच्या वाट्याला अशी भूमिका यावी, हाही एक योगच म्हणावयाचा.

येथवर सर्व ठीक होते. परंतु नटीच्या आयुष्यात एक अवघड वळण असते. तारुण्य सरू लागते, नायिकेची जागा नवी मुलगी घेते आणि जुनी नायिका एक तर घरी बसते किंवा वय लपविण्याच्या केविलवाण्या खटपटीस लागते. इंग्लंडसारख्या देशात रंगभूमीची परंपरा या बाबतीत अधिक उदार आहे. एडिथ इव्हान्स ही १८८८ साली जन्मलेली नटी तरुणपणी टोप्या तयार करणाऱ्या दुकानात काम करीत होती. पुढे ती रंगभूमीवर आली आणि तिची जगभर गाजलेली लेडी ब्रॅकनेल १९५२ साली चित्रपटात आली, तेव्हा तिने साठी ओलांडली होती. तेथे वृद्ध स्त्रीच्या भूमिकेला स्वतःचा मान असतो. आपल्याकडे तो मान मिळवावा लागला, आणि तो मिळवून देणाऱ्यांत दुर्गाबाई अग्रभागी होत्या.

१९४१ साली आचार्य अत्रे यांनी ‘पायाची दासी’ हे चित्र काढले. त्यात सुनेची भूमिका वनमाला यांनी केली आणि सुनेचा छळ करणाऱ्या सासूची भूमिका दुर्गाबाईंनी पत्करली. वय अवघे छत्तीस! हिंदीत हेच चित्र ‘चरणों की दासी’ या नावाने निघाले. त्यानंतर १९४२ साली विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी जी सीता होऊन वनवासाला गेली होती, तीच आता रामाला वनवासास धाडणारी कैकेयी झाली. सामान्य नटीने यात आपला अधःपात मानला असता. दुर्गाबाईंनी त्यात संधी पाहिली. बंगालमधील चित्रपट-पत्रकारांच्या संघाने या दोन्ही भूमिकांचा पारितोषिके देऊन गौरव केला. मुख्य म्हणजे, सासू अथवा सावत्र आई म्हणजे केवळ डोळे वटारणारी कजाग बाई नव्हे, तिलाही स्वतःचे मन असते, आणि तिचा दुष्टपणा हा पुष्कळदा भयातून किंवा पुत्रप्रेमातून उपजतो, ही जाणीव त्या कामातून प्रेक्षकाला होई.

हेच सामर्थ्य त्यांनी रंगभूमीवर आणले. पडदा आणि रंगमंच यांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. कॅमेरा अगदी जवळ येतो, तेथे भुवई किंचित हलली तरी पुरते. रंगमंचावर मात्र शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द स्पष्ट पोहोचावा लागतो, चुकले तर पुन्हा चित्रण करण्याची सवलत नसते, आणि तीन तास एकच मनोवृत्ती सांभाळावी लागते. चित्रपटात स्थिरावलेल्या नटीने पन्नाशीच्या उंबरठ्यावर हे धाडस करावे, हे विशेषच होय. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून दुर्गाबाईंनी हे धाडस वारंवार केले. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’त त्या आनंदीबाई झाल्या. वि. वा. शिरवाडकर यांनी शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून रचलेल्या ‘राजमुकुट’ या नाटकात नानासाहेब फाटक यांच्यासमवेत त्या रंगमंचावर आल्या. या नाटकाचे दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने केले होते. आनंदीबाई काय आणि लेडी मॅकबेथ काय, दोघीही सत्तेच्या लोभाने नवऱ्याला पापाच्या कड्यावर नेणाऱ्या स्त्रिया. कैकेयीचे काम ज्यांनी केले होते, त्यांच्याकडे या भूमिका याव्यात हे स्वाभाविकच होते. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि १९६१ साली मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या रंगभूमीवर कुलीन स्त्रीने पाऊल ठेवणे निषिद्ध मानले जात होते, तिच्या संमेलनाच्या अध्यक्षस्थानी आता एक स्त्री होती.

१९६० साली के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ प्रकाशित झाला. त्यात अकबर झाले पृथ्वीराज कपूर आणि जोधाबाई झाल्या दुर्गाबाई खोटे. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता हे आता सम्राट आणि सम्राज्ञी, एका बंडखोर तरुणाचे मातापिता झाले होते. चित्रपट पाहणाऱ्याच्या स्मरणात सलीम आणि अनारकली राहतात. तथापि त्या कथेचा खरा ताण सोसते ती जोधाबाई. एकीकडे पती आणि राज्य, दुसरीकडे पोटचा मुलगा, आणि दोघांपैकी कोणीही जिंकला तरी हार तिचीच. येथे दुर्गाबाईंचा अभिनय संयत आहे. मोठ्या आवाजाच्या दोन पुरुषांमध्ये उभी राहिलेली ही स्त्री आवाज न चढविता आपले दुःख प्रेक्षकापर्यंत पोहोचविते. चरित्रभूमिका म्हणतात ती हीच. अशा भूमिकेचे नाव वाचून कोणी तिकीट काढीत नाही, पण ती ढासळली तर सारे चित्र ढासळते. घराच्या भिंतीकडे पाहावयास पाहुणे येत नाहीत, म्हणून भिंतीवाचून घर उभे राहते असे थोडेच आहे?

यानंतरच्या वीस वर्षांत आई आणि आजी या नात्यांनी त्या घराघरांत ओळखीच्या झाल्या. १९७३ सालच्या ‘बॉबी’त नातीला वाढविणारी गोमंतकीय ख्रिस्ती आजी त्यांनी रंगविली. १९७४ सालच्या ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या सत्तरीला पोहोचल्या होत्या. १९८० सालच्या ‘कर्ज’मध्येही त्या होत्या. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना लाभला. ज्या फाळक्यांना आपल्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान पहिल्या मराठी बोलपटातील तारामतीला मिळाला. इतिहास असा कधीकधी आपले देणे चुकते करतो.

बाहेर असे मानसन्मान मिळत असताना घरात दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. मुलगा हरीन ऐन उमेदीत निवर्तला. त्याची पत्नी म्हणजेच पुढे विजया मेहता या नावाने मराठी रंगभूमीला नवे वळण देणाऱ्या विख्यात दिग्दर्शिका. असा आघात सोसूनही दुर्गाबाईंनी काम थांबविले नाही. अभिनयाच्या जोडीने लघुपट व जाहिरातपट काढण्याचा व्यवसाय त्यांनी उभारला होता, आणि १९८८ साली दूरदर्शनवर लोकप्रिय झालेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच निर्मितिसंस्थेची. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्रही त्यांनी लिहिले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दुर्गाबाईंच्या रूपाविषयी, वाणीविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु या दीर्घ कारकिर्दीचे मर्म अन्यत्र आहे. त्या या व्यवसायात हौसेने आल्या नव्हत्या, मुलांच्या पोटासाठी आल्या होत्या. पोटासाठी काम करणारा मनुष्य आपले वय झाले म्हणून काम टाकीत नाही, वयाला साजेल असे काम शोधतो आणि ते मन लावून करतो. शेतात नांगर धरणारा कुणबी म्हातारपणी नांगर मुलाच्या हाती देतो आणि स्वतः राखणीला बसतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दुर्गाबाईंनी नायिकेचा नांगर असाच विनातक्रार दुसऱ्यांच्या हाती दिला आणि राखणीचे काम मोलाचे करून दाखविले. आपल्या घरातूनही वडीलधाऱ्या स्त्रियांनी वय होताच कोपऱ्यात सरकावे, अशी आपली अपेक्षा असते. त्या अपेक्षेचा फेरविचार करावयास लावील, असे हे चरित्र आहे.

मढीच्या यात्रेत आजही मच्छिंद्रनाथांची आणि गोरखनाथांची कथा सांगितली जाते. त्या कथेतील राणी मागे राहते. गुरू निघून गेल्यावर तिचे पुढे काय झाले, हे श्रोता विचारीत नाही. पडद्यावरील त्या राणीचे पुढे काय झाले, ते मात्र आपणांस ठाऊक आहे. ती सासू झाली, कैकेयी झाली, जोधाबाई झाली, आजी झाली, आणि यांपैकी एकाही ठिकाणी तिचे राणीपण उणावले नाही.