वैरशमनाची वाट : नुएर समाजाचा अनुभव
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



एका गावात दोन भावकींमध्ये कुरणावरून भांडण होते. बोलाचाली वाढते, भाले निघतात आणि एक तरुण जागीच कोसळतो. त्या प्रदेशात पोलीस ठाणे नाही, न्यायालय नाही, राजा नाही आणि शिक्षा देणारा अधिकारीही नाही. मृताचे भाऊ सूड घ्यायला निघाले आहेत. मारणाऱ्याने आता कोठे जावे? आणि उद्या या दोन भावकींनी एकाच नदीचे पाणी कसे प्यावे? मानवी समाजाइतकाच जुना असलेला हा प्रश्न आफ्रिकेतील नुएर नावाच्या समाजाने कसा सोडवला, ती सोडवणूक कशी मोडली आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न कसा झाला, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नुएर लोकांची वस्ती आजच्या दक्षिण सुदानमध्ये, नाईल आणि तिला मिळणाऱ्या सोबात आदी नद्यांच्या सखल प्रदेशात आहे. काही नुएर शेजारच्या इथिओपियातही राहतात. ते स्वतःला ‘नाथ’ म्हणवतात. आपल्याकडील नाथ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणसे’ असा आहे. पावसाळ्यात सारा मुलूख पाण्याखाली जातो, तेव्हा ते उंचवट्यावरील गावांत राहतात. कोरड्या ऋतूत गुरे घेऊन नदीकाठी उतरतात. गाय हेच त्यांचे धन, हाच विवाहातील देय आणि हाच प्रतिष्ठेचा आधार. अर्थातच कुरण, पाणी आणि मासेमारीची ठिकाणे हेच कलहाचे मूळही होय. ई. ई. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात त्यांच्यात राहून अभ्यास केला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे हा राजाविना नांदणारा समाज जगाला परिचित झाला.

आता त्या मारणाऱ्याकडे वळू. तो धावत एका विशिष्ट माणसाच्या घरी जातो. खांद्यावर बिबट्याचे कातडे पांघरणारा हा मनुष्य भूमीचा पुरोहित मानला जातो. त्याच्या हाती सैन्य नाही, दंड करण्याचा अधिकार नाही. परंतु त्याच्या अंगणात रक्त सांडता येत नाही. मारणारा तेथे पोहोचला की पुरोहित त्याच्या दंडावर भाल्याच्या टोकाने छेद घेऊन थोडे रक्त वाहू देतो. मृताचे रक्त मारणाऱ्याच्या अंगात शिरलेले असते आणि ते बाहेर पडेपर्यंत त्याने अन्नपाणी घेऊ नये, अशी श्रद्धा आहे. या छेदाने पहिली गोष्ट सिद्ध होते, ती म्हणजे कबुली. ‘हा वध या हातून झाला,’ हे लपवून ठेवण्यास येथे जागाच उरत नाही.

त्यानंतर पुरोहित घाई करीत नाही. मृताचे दुःखविधी पूर्ण होऊ देतो. मग मारणाऱ्याच्या भावकीकडे जाऊन भरपाईसाठी किती गुरे उभी राहू शकतात, याचा अंदाज घेतो. नंतर मृताच्या घरी जातो. तेथे त्याला नकार मिळतो, आणि तो मिळणार हे त्याला ठाऊक असते. रक्ताच्या बदल्यात गुरे लगेच स्वीकारणे म्हणजे मृताचा अपमान, म्हणून मृताच्या भावांनी आरंभी नाही म्हणणे हेच त्यांच्या मानाला धरून असते. पुरोहित पुन्हा येतो, विनवतो, प्रसंगी शापाचे भय घालतो. अखेरीस भाऊ म्हणतात की, केवळ तुमच्या शब्दाखातर आम्ही हे मान्य करीत आहोत. अशा रीतीने दोन्ही पक्षांचा मान राखला जातो. कोणी कोणापुढे वाकत नाही. दोघेही तिसऱ्या, निःस्वार्थ माणसाच्या शब्दाचा आदर करतात.

भरपाई चाळीस ते पन्नास गुरांची असावी, असा संकेत होता. ती एकदम दिली जात नसे, वर्षानुवर्षे फेडली जाई. त्या गुरांतून मृताच्या नावाने एक वधू घरी आणली जाई. तिची मुले मृत पुरुषाचीच मुले म्हणून ओळखली जात. ज्याचा वंश भाल्याने तोडला, त्याचा वंश भाला मारणाऱ्याच्या गुरांनी पुन्हा सुरू होई. प्राणाची भरपाई दुसऱ्या प्राणहरणाने करण्याऐवजी नव्या जन्माने करावी, हा या व्यवस्थेचा गाभा होता. हे पूर्ण होईपर्यंत दोन्ही घरच्या माणसांनी एकत्र खाणेपिणे प्राणघातक दोष समजला जाई.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. या शांतिविधींत पशूचा बळी दिला जातो. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या श्रोतृवर्गाला हे क्लेशकारक वाटेल. तथापि ते झाकून ठेवून या समाजाची ओळख करून देणे सत्यास धरून होणार नाही. दुसरी गोष्ट ही की, भरपाईची ही व्यवस्था एका टोळीच्या आतच चाले. दोन नुएर टोळ्यांमध्ये, किंवा नुएर आणि त्यांचे शेजारी डिंका यांच्यामध्ये, तिचे बंधन नव्हते. भूतकाळ सुवर्णमय होता असा दावा येथे नाही. परंतु युद्धातही स्त्रिया, बालके आणि वृद्ध यांना हेतुपुरस्सर मारणे हा ईश्वराविरुद्ध अपराध मानला जाई, ही मर्यादा बहुतांशी पाळली जात होती.

ही मर्यादा कशी तुटली, याचे मर्मग्राही विवेचन शॅरन हचिन्सन या अमेरिकन अभ्यासिकेने केले आहे. १९८३ मध्ये सुदानमधील दुसरे यादवी युद्ध सुरू झाले आणि बंदुका मुबलक झाल्या. भाल्याने मारणाऱ्याला आपला हात कोणाला लागला हे ठाऊक असते. गोळीबारात कोणाच्या गोळीने कोण पडला, हे कळत नाही. मग छेद कोणाच्या दंडावर घ्यावा? अशा वेळी रिएक माचार आदी सेनानींनी लोकांना समजावले की, हे ‘सरकारी युद्ध’ आहे. घरच्या भांडणातील वधाचा दोष येथे लागत नाही. शुद्धी नको, भरपाई नको. सैनिकांचे मन हलके व्हावे म्हणून दिलेली ही सूट होती. परंतु दोष नाही म्हटले की कबुली नाही, कबुली नाही म्हणून मध्यस्थ नाही, आणि मध्यस्थ नाही म्हणून समेटही नाही. पापाची जाणीव पुसताना क्षमेचा दरवाजाही बंद झाला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

परिणाम दिसण्यास वेळ लागला नाही. ऑगस्ट १९९१ मध्ये नासिर येथे माचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिंका नेते जॉन गरांग यांच्याविरुद्ध बंड पुकारले. त्याच वर्षी नुएर सैन्याने बोर परिसरातील डिंका नागरिकांचा संहार केला. प्रतिशोधाचे चक्र सुरू झाले. स्त्रिया-मुलांना अभय देणारी जुनी मर्यादा उरली नाही. सामान्य जन या संघर्षाला ‘सुशिक्षितांचे युद्ध’ म्हणू लागले. त्या दोन शब्दांत केवढी वेदना आहे! आणि दुसऱ्यांवर उगारलेले शस्त्र घरातही फिरले. १९९३ पासून लोऊ आणि जिकानी या दोन नुएर शाखा सोबात नदीकाठच्या कुरणांवरून आणि मासेमारीच्या हक्कांवरून एकमेकींवर तुटून पडल्या. भाषा एक, चालीरीती एक, सोयरिकी झालेल्या, तरीही गावे जळाली.

या अंधारात १९९४ मध्ये अकोबो या गावी समेटाची सभा भरली. स्थानिक प्रेस्बिटेरियन चर्चने पुढाकार घेतला. टोळीप्रमुख, पुरोहित, वृद्ध आणि स्त्रिया जमल्या. सभा सुमारे दीड महिना चालली. घाईने ठराव संमत करून घरी जाण्याचा तेथे प्रश्नच नव्हता. कोणाचे काय गेले, कोणी कोणाला मारले, हे एकेक करून सांगण्यात आणि ऐकण्यात दिवस गेले. प्रार्थना आणि जुने विधी दोन्ही झाले. ज्या दोन शाखांमध्ये पूर्वी भरपाईचे बंधनही नव्हते, त्या एका मंडपात बसल्या.

हीच पद्धत पुढे नुएर आणि डिंका यांच्यात वापरली गेली. जून १९९८ मध्ये दोन्हीकडचे टोळीप्रमुख केनियातील लोकिचोगिओ येथे भेटले. नंतर ते एकमेकांच्या प्रदेशात जाऊन आले. काल जेथे गेल्यास प्राण गेला असता, तेथे आज पाहुणा म्हणून पाऊल टाकणे, ही शांतीची पहिली पायरी होती. त्यानंतर २७ फेब्रुवारी ते ८ मार्च १९९९ या काळात डिंका प्रदेशातील वुनलिट येथे परिषद झाली. न्यू सुदान कौन्सिल ऑफ चर्चेस या संस्थेने तिचे संयोजन केले. यजमान डिंकांनी आलेल्यांसाठी गवताच्या झोपड्यांचे एक गावच उभारले. परिषदेचा नियम साधा होता. एका पक्षाने आपल्यावर झालेले अन्याय संपूर्ण सांगावेत, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावेत, आणि मग दुसऱ्याची पाळी यावी. शेवटी झालेल्या करारात १ जानेवारी १९९९ पूर्वीच्या अपराधांना अभय, पळवून नेलेल्या स्त्रिया-मुलांची परतपाठवणी आणि सीमेवरची कुरणे व मासेमारीची ठिकाणे दोघांना खुली, अशी कलमे होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोऊ नुएरांची अंतर्गत भांडणे मिटविण्यासाठी वात येथे सभा झाली. तळागाळातील ही चळवळ वाढत असतानाच, जानेवारी २००२ मध्ये गरांग आणि माचार यांनीही नैरोबीत एकीचा करार केला.

या शांतीला आव्हानेही होती. पश्चिम नुएर प्रदेशाच्या जमिनीखाली खनिज तेल आहे. त्या तेलक्षेत्रांसाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नुएर सेनानीच एकमेकांशी लढले आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. त्याच भागातील तेलप्रकल्पात २००३ मध्ये भारताच्या ओएनजीसी विदेश कंपनीने २५ टक्के हिस्सा घेतला. दूरची वाटणारी ही कथा आपल्या देशाच्या व्यवहाराशी अशी जोडलेली आहे.

दुसरा धागा अधिक हृदयद्रावक आहे. ९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि १५ डिसेंबर २०१३ रोजी राजधानी जुबामध्ये पुन्हा यादवी पेटली. तेथे नुएर नागरिकांची कत्तल झाली. चारच दिवसांनी, १९ डिसेंबरला, अकोबो येथील संयुक्त राष्ट्रांच्या तळावर सशस्त्र नुएर तरुण चालून आले. आत डिंका नागरिकांनी आश्रय घेतला होता. आश्रितांचे रक्षण करताना दोन भारतीय सैनिकांना वीरमरण आले. अनेक आश्रितही मारले गेले. १९९४ मध्ये जेथे समेट झाला, तेच हे अकोबो! एके काळी निःशस्त्र पुरोहिताच्या कुडाच्या घरात शिरण्याची कोणाची छाती होत नव्हती. आता सशस्त्र सैनिकांचा तळही आश्रितांना वाचवू शकला नाही. घराचे रक्षण भिंतींपेक्षा लोकांच्या मनातील मर्यादा अधिक करते, याचा याहून कठोर पुरावा कोणता असेल?

१२ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा शांतिकरार झाला. परंतु मार्च २०२५ मध्ये नासिर येथील लष्करी तळ सशस्त्र नुएर तरुणांनी घेतला आणि त्याच महिन्यात माचार यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. मग अकोबो आणि वुनलिट व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येणार नाही. वुनलिटनंतर त्या सीमेवर गुरे पुन्हा एका कुरणात चरली, ताटातूट झालेली माणसे घरी परतली. जे टिकले नाही, त्याचे कारणही स्पष्ट आहे. लोकांनी केलेली शांती लोकांच्या हाती होती. बंदुका, तेल आणि सिंहासन मात्र दुसऱ्यांच्या हाती राहिले. आपली चूक कबूल करण्याची पाळी सामान्य माणसावर आली, तेव्हा ती त्याने पार पाडली. नेत्यांनी मात्र करारांवर सह्या केल्या, पण स्वतःच्या दंडावर छेद घेऊ दिला नाही.

सुज्ञ श्रोतेहो, संवत्सरीला क्षमायाचना करणाऱ्या समाजाला या कथेतून एक प्रश्न सोबत नेता येईल. ज्यांच्याशी काहीच बिनसलेले नाही, अशा शंभर जणांची क्षमा मागणे सोपे असते. ज्या एका दारी वर्षानुवर्षे पाऊल पडलेले नाही, तेथे जाऊन ‘हे माझ्या हातून झाले’ असे म्हणणे कठीण असते. भावाभावांतील वाटणीचे दावे असोत की संस्थांमधील तट असोत, पहिला नकार मिळाल्यावर बहुतेक जण माघारी फिरतात. बिबट्याचे कातडे पांघरलेल्या त्या पुरोहिताला ठाऊक होते की, पहिला नकार हा दुखावलेल्या मानाचा हक्क आहे. तो पुन्हा जात असे. त्याच्याजवळ दुसरे कोणतेही बळ नव्हते.