योग जुळतो, अर्थ लावावा लागतो



‘योगायोग’ हा शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. आज कल्याणात त्यावर बोलताना मला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आणि याच कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांची कथा या शब्दाची खरी कसोटी आहे.

आधी शब्द पाहू. ‘युज्’ म्हणजे जोडणे, त्यातून ‘योग’. तिथी, वार, नक्षत्र आणि करण यांच्याबरोबर योग हे पंचांगाचे एक अंग. तिथूनच तो आपल्या रोजच्या बोलण्यात उतरला असावा. ‘भेटीचा योग आला’, ‘लग्नाचा योग जुळला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या घटनेला अर्थ आहे, असे आपल्याला सुचवायचे असते. उलट ‘हा निव्वळ योगायोग’ म्हटले की त्यामागे काही नाही, असा निर्वाळा आपण देतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडले. मराठीने तेच ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ’ असे सांगितले. गाठ पडली खरी. पण फांदी कावळ्याने तोडली नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना याच दोन टोकांच्या मधली जागा हवी होती. कार्यकारणाचा धागा नाही, तरीही अनुभवणाऱ्याला अर्थपूर्ण वाटते, अशा गाठींसाठी त्यांनी ‘सिंक्रोनिसिटी’ हा शब्द रूढ केला. त्यावरचा त्यांचा प्रबंध १९५२ साली भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांच्या लेखनासह प्रसिद्ध झाला. विज्ञानाने तो सिद्धान्त स्वीकारला नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. डोंबिवलीच्या फलाटावर रोज लाखो माणसे ये-जा करतात. एखाद्याला तिथे वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्र भेटणारच. न झालेल्या भेटींचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

मग अर्थ येतो कुठून? आनंदीबाईंकडे पाहा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि अवघ्या दहा दिवसांत त्याचा मृत्यू. पोस्टात नोकरी करणारे पती गोपाळराव त्यांना शिकवायच्या ध्यासाने पेटलेले. कोल्हापुरात असताना त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. तो पत्रव्यवहार प्रिन्सटनच्या रॉयल वाइल्डर यांनी आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिकात छापला. हे वाइल्डर पूर्वी कोल्हापुरातच मिशनरी होते. मदतीला धर्मांतराची अट होती. जोशी दांपत्याने ती मानली नाही. विषय तिथेच संपायचा.

पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेले मासिक त्यांनी सहज चाळले आणि ते पत्र त्यांच्या नजरेस पडले. इथवरचा सगळा काकतालीय न्याय. तो अंक त्या दिवशी इतर कोणीही चाळला असता, तर पान उलटून विसरूनही गेला असता.

कार्पेंटरबाईंनी घरी जाऊन पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर दिले. पत्रे सुरू झाली, नाते जडले. आनंदीबाईंना त्या मावशीच्या जागी झाल्या. १८८३ साली आनंदीबाई कलकत्त्याहून पतीशिवाय निघाल्या तेव्हा पलीकडे त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई होत्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला पाठवल्या. पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

श्रोतेहो, ‘नशिबात होते’ असे म्हणून ही कथा गुंडाळू नका. गोपाळरावांची चिकाटी, आनंदीबाईंची हिंमत आणि एका अनोळखी बाईने उचललेली लेखणी, ही तिन्ही नसती तर तो योग कोणाला कळलाही नसता. घटना जुळतात त्या आपल्याला न विचारता. त्यांना अर्थ येतो तो माणसाने पुढे टाकलेल्या पावलाने. म्हणून कल्याणात आनंदीबाईंचे नाव घेताना थिओडिशिया कार्पेंटर यांचेही नाव घेतले पाहिजे, आणि ओळखदेख नसलेल्या मुलीची हाक आपल्या कानी आली तर तिला उत्तर दिले पाहिजे.