रजेच्या जागेवरील अध्यापक

(नागपूर येथे नुकत्याच अध्यापनाची पात्रता मिळविलेल्या तरुणांपुढे केलेल्या भाषणावरून)



आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती बी. एड. किंवा डी. एल. एड.चे प्रमाणपत्र नुकतेच पडले आहे. कायम नेमणूक केव्हा मिळेल हे सांगणे कठीण. परंतु महालातील एखाद्या शाळेत प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी, अथवा काटोलकडील एखाद्या विद्यालयात गणिताच्या रिकाम्या तासिकांसाठी, उद्याच आपणांस बोलावणे येऊ शकते. प्रसूती रजा 180 दिवसांची असते, म्हणजे जवळजवळ एक सत्र. ही उमेदवारी पत्करताना काय पदरात पडते आणि काय पडत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

प्रथम कटू भाग. रजेच्या जागेवरील नेमणुकीतून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. शाळेत किती पदे असावीत हे पटसंख्येवर ठरणाऱ्या संचमान्यतेने निश्चित होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, ही त्याची मोजपट्टी होय. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, आणि रिकाम्या जागेवर प्रथम त्यांचे समायोजन होते. यात संस्थाचालकाची इच्छा फारशी चालत नाही. म्हणून “आज ना उद्या कायम करून घेऊ” या तोंडी आश्वासनावर जी माणसे वर्षेच्या वर्षे काढतात, त्यांच्याविषयी मला मनापासून वाईट वाटते. आश्वासन देणारा खोटा असतोच असे नव्हे. ते पाळणे त्याच्या हाती नसते.

कायम नेमणुकीचा रस्ता निराळा आहे. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक असून आपल्या राज्यात ती 2013 पासून होत आली आहे. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, आणि मग 2017 साली सुरू झालेली ‘पवित्र’ ही संगणकीय प्रणाली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणूनच जातात. ही योजना 2000 साली आली तेव्हा प्राथमिक शाळेतील मानधन दरमहा 3,000 रुपये होते. पुढे दीर्घकाळ ते 6,000 रुपयांवरच राहिले आणि 2023 पासून 16,000 रुपये झाले. वाढ मोठी खरी, पण तिला फार उशीर झाला, हे शासनाच्या माहिती खात्यातील माणसानेही मान्य करावयास हरकत नाही.

तात्पर्य, सकाळी शाळा आणि सायंकाळी अभ्यास, अशी दिवसाची वाटणी पहिल्याच आठवड्यात करून टाकावी.

आता कागदाविषयी. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आणि त्याखालील नियमावली 1981 ची. तात्पुरत्या जागेवर नेमतानाही उमेदवार पात्रताधारक असला पाहिजे व आदेशात नेमणुकीची मुदत लिहिली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. मुदत संपली की नेमणूक संपते. त्या वेळी वेगळ्या नोटिशीची अपेक्षा धरू नये. परंतु मुदतीपूर्वी काढावयाचे झाल्यास नियम 28 प्रमाणे एक महिन्याची सूचना किंवा एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. अन्यायाने काढले असे वाटल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येते. जिल्हा परिषद व महानगरपालिकेच्या शाळांना हा कायदा लागू नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.

अनुदानित शाळेत आणखी एक प्रश्न संकोच न करता विचारावा : शिक्षणाधिकाऱ्यांकडे वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव गेला काय? त्या मान्यतेवाचून अनुदानातून वेतन निघत नाही. तासिका तत्त्वावर बोलावले असेल तर दर तासिकेस किती, आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी कोणत्या नोंदवहीत, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

वर्गाची गोष्ट मात्र कागदात मावत नाही. मुले बदली शिक्षकाची परीक्षा पाहतातच. जुन्या बाई असे शिकवीत नव्हत्या, हे वाक्य आपण पन्नास वेळा ऐकाल. रजेवर जाणाऱ्या शिक्षिकेची टाचणवही मागून घ्यावी, शक्य तर त्यांना एकदा भेटावे आणि कोणत्या मुलाला वाचता येत नाही हे विचारावे. ही माहिती हजेरीपटात नसते. नागपूरच्या कित्येक वर्गांत घरी हिंदी बोलणारी मुले मराठीच्या धड्याशी झुंजत असतात. त्यांचा शब्द चुकला की हसू नये. अर्थ हिंदीत सांगून पुन्हा मराठीकडे यावे. आपण सहा महिन्यांसाठी आला आहात हे मुलांना ठाऊक असते, पण त्यांच्या वर्षातले ते सहा महिने काही तात्पुरते नसतात. अपूर्णांक त्याच काळात कच्चे राहिले तर पुढच्या वर्गात ते नव्याने कोणी शिकवीत नाही.

शेवटच्या दिवशी शाळा सोडण्यापूर्वी अनुभवाचे प्रमाणपत्र जावक क्रमांकासह मागून घ्या. आपल्या विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर लिपिक सुट्टीवर असतो, मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात, आणि आपण कोणत्या तारखेस रुजू झालात हे सांगणारे कोणी सापडत नाही.