स्वारगेटचा फोटो कोण काढतो?



भूगोल शिकवणाऱ्यांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भाषण आटोपशीर ठेवतो. सभागृहाबाहेर पुण्यातलं स्वारगेट आहे आणि संध्याकाळी इथून वेळेवर घरी पोचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आज पावसाळ्यातला रविवार. सकाळी मुद्दाम लवकर येऊन एसटी स्टँडवर तासभर उभा राहिलो. पाठीवर सॅक, हातात चहाचा कागदी कप, आणि वेल्ह्याची गाडी कुठल्या फलाटाला लागते याची चौकशी. कुणाला तोरणा गाठायचा होता, कुणाला राजगड. त्या तासात स्टँडचा फोटो काढताना मला एकही जण दिसला नाही. फोटो निघणार ते बालेकिल्ल्यावर. म्हणजे समाजमाध्यमांवरच्या फोटोंवरून पर्यटनाचा नकाशा काढला, तर ज्या ठिकाणावरून एवढी गर्दी जाते ते स्वारगेट त्यात अंधारात राहील. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

फोटोंवरून केलेले नकाशे निकामी आहेत, असं मी म्हणत नाही. 2010 मध्ये नकाशाकार एरिक फिशर यांनी ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोंवरून अनेक शहरांचे नकाशे केले. एखाद्या शहरात महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ फोटो काढणारा तो स्थानिक. दुसऱ्या शहरचा, इथे महिन्याच्या आत फोटो आटोपणारा तो पर्यटक. 2013 मध्ये जगभरच्या 836 ठिकाणी फ्लिकर या संकेतस्थळावरचे फोटो आणि प्रत्यक्ष मोजलेली माणसं ताडून पाहण्यात आली, तेव्हा दोन्हींचा मेळ बऱ्यापैकी बसला.

पण फिशर यांची कसोटी सिंहगडावर लावून पाहा. सदाशिव पेठेतला विद्यार्थी तिच्या हिशेबानं पक्का स्थानिक. गडावर मडक्यातलं दही विकणाऱ्या मावशींच्या लेखी मात्र तो पाहुणाच. आपल्याकडे गर्दी परदेशातून येत नाही, ती आपल्याच पेठांतून निघते. व्हेनिसनं 2024 मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचं शुल्क बसवलं. आपण ते कुणावर बसवणार? स्वतःवरच.

आता पुण्याजवळचा कुंडमळा. 15 जून 2025, तोही रविवारच. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तिथले फोटो लोक आधीपासून टाकत होतेच. पाऊस लागला की माणसं कुठे धावतात, हे त्यांवरून कळू शकतं. पण या क्षणी पुलावर किती जण उभे आहेत, हे कळतं ते पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसालाच. फोटो ओढा सांगतो, भार सांगत नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 जणांची मर्यादा घातली गेली, ती नोंदणी आणि तिकिटाच्या आधारानं.

म्हणून माझी विनंती अशी, की पडद्यावरची मोजणी पायांच्या मोजणीला जोडा. कंडक्टरच्या मशीनमधली तिकिटं, वनखात्याच्या नाक्यावरच्या पावत्या, दिवसअखेर रिकामी झालेली दह्याची मडकी, हीही माहितीच आहे. गुडघे धरून पायऱ्या उतरणारे आजोबा रील टाकत नाहीत. ते या हिशेबात सापडतील. आणि माहिती गोळा करताना ठिकाण मोजा, माणसाचा माग काढू नका. कोण कुणाबरोबर गडावर गेलं, याच्याशी भूगोलाला कर्तव्य नाही.

पुढच्या परिषदेपर्यंत प्रत्येक महाविद्यालयानं एकच ठिकाण निवडावं आणि पावसाळ्यातले सगळे रविवार तिथे दोन्ही मोजण्या कराव्यात. आकडे जुळले तर उत्तम. जिथे जुळणार नाहीत, तिथे फोटोत न आलेली माणसं आहेत असं समजावं आणि पुढचा अभ्यास तिथून सुरू करावा. इथल्या मुलांना ठिकाण सुचत नसेल, तर त्यांनी पहाटे स्वारगेटच्या फलाटावर उभं राहावं.